पाच मिनिटांत पोहोचतेच!

खरं सांगा, आज दिवसभरात तुम्ही किती वेळा खोटं बोललात? मोठं काही नाही हो, आपलं रोजचंच. 'निघालेच', 'सिग्नलला आहे', 'संध्याकाळपर्यंत फाइल पाठवते' आणि सगळ्यांचं लाडकं, 'पाच मिनिटांत पोहोचतेच!' या खेळात मी चॅम्पियन आहे. आंघोळीला जाता जाता 'ऑन द वे' असा मेसेज टाकण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. आणि याने कुणाचं काय बिघडतं, असं मला अगदी मनापासून वाटायचं. गेल्या दिवाळीपर्यंत.

तर झालं असं. ऑक्टोबरमध्ये ऑफिसात मेल आला. डिसेंबरमध्ये पुण्यात एक रिले रेस आहे, चौघांची टीम, प्रत्येकाने 5 किलोमीटर पळायचं, मनगटावरचा पट्टा पुढच्याच्या हातात द्यायचा. टीममध्ये किमान एक मुलगी हवीच. आमच्या मजल्यावरच्या तीन उत्साही प्राण्यांना चौथी मिळेना. मी त्या वेळी कॉफी मशीनपाशी उभी होते, एवढाच काय तो माझा गुन्हा. 'अगं, मजा असते गं!' म्हणत त्यांनी माझं नाव टाकलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी एक एक्सेल शीट आली. नाव, टी-शर्टचा साइज आणि शेवटचा रकाना, 'अपेक्षित वेळ'. पहिल्याने लिहिलं होतं 25 मिनिटं. दुसऱ्याने 27. तिसऱ्याने 28. आता लिफ्ट बंद पडली की दुसऱ्या मजल्यावर धापा टाकणाऱ्या मुलीने काय लिहावं? मी लिहिलं, 30. का? तर 30 हा आकडा दिसायला बरा दिसतो! मी आयुष्यात कधी सलग 5 किलोमीटर पळालेच नव्हते. शाळेत लिंबू-चमचा शर्यतीतही माझं लिंबू सगळ्यात आधी पडायचं.

मग साहजिकच दुकानात जाऊन महागडे शूज घेतले (आपल्या पिढीचा नियम आहे, आधी शॉपिंग, मग व्यायाम) आणि दिवाळीला मामाच्या गावी गेले.

माझ्या मामाचं गाव गोंदिया जिल्ह्यात, तिरोडा तालुक्यात, चोरखमाऱ्याच्या बाजूला. नकाशात शोधायला गेलात तर आधी नागझिरा सापडेल. 1970 पासूनचं अभयारण्य, 2013 पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग. जंगलात शिरायच्या गेटांपैकी एक चोरखमाऱ्याचं. पुण्या-मुंबईची मंडळी इथे जिप्सीत बसून वाघ बघायला येतात. आम्ही मात्र लहानपणापासून इथे येतो ते तलावाच्या पाळीवर बसायला आणि मामीच्या हातचं खायला. चोरखमाऱ्याचा तलाव मोठा. थंडी सुरू झाली की बदकं उतरतात. खाली बघावं तिकडे धानाच्या बांधी. दिवाळीला हलकं धान कापून झालेलं असतं आणि भारी धान अजून उभं असतं.

मामीने शूज बघितले आणि किंमत विचारली. मी निम्मी सांगितली. तरी ती म्हणाली, "काहून गं बाई, एवढ्या पैशाचे जोडे धावाले घेतले? इथं पोरं चपलेवर धावतेत!"

पोरं म्हणजे भरतीवाली पोरं. विदर्भातल्या कुठल्याही गावात पहाटे जा, रस्त्याच्या कडेने ही मुलं पळताना दिसतील. पोलीस भरतीच्या मैदानी परीक्षेत मुलांना 1600 मीटर पळायचं असतं, मुलींना 800. वनरक्षकाच्या भरतीत मुलांना 5 किलोमीटर आणि मुलींना 3. त्यांच्यासाठी पळणं म्हणजे फिटनेसचा फंडा नाही, नोकरी आहे. आपण घड्याळात स्टेप्स मोजतो, ती मार्क मोजतात. माझी मामेबहीण त्यातलीच. बावीस वर्षांची, सडसडीत, वनरक्षक व्हायचंय. जंगलाच्या इतक्या जवळ राहून ती सूर्य वर आल्याशिवाय एकटी रस्त्यावर पाऊल टाकत नाही, हा घरचा नियम. बिबट्याचं आणि अस्वलाचं टाइमटेबल इथे सगळ्यांना पाठ आहे.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तिने मला सकाळी उठवलं. "ताई, चालतेस का? आज एक जण कमी आहे."

ही मुलं आठवड्यातून एकदा आपापसांत रिले लावतात. चार-चार जणांच्या दोन टीम. प्रत्येकाने 1600 मीटर. आंब्याच्या झाडापासून नाल्यावरच्या पुलापर्यंत 800, तिथून परत 800. बॅटन म्हणजे वीतभर लांबीचा बांबूचा तुकडा, घासून गुळगुळीत केलेला. एकट्याने पळताना पोरं कंटाळतात, कुणी तरी मागे लागलं की वेळ आपोआप कमी होते, असं त्यांचं साधं गणित. माझा नंबर तिसरा, शेवटची ती. म्हणजे बांबू मी तिच्या हातात द्यायचा.

पहिला सुटला तेव्हा तिने सहज विचारलं, "ताई, किती वेळात येशीन?"

बघा, प्रश्न साधा होता. पण समोर सात-आठ भरतीवाली पोरं उभी होती आणि माझ्या पायात पुण्याचे शूज होते. मी म्हटलं, "आठ मिनिटांत येते."

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. बांबू हातात आला तेव्हा आमची टीम चक्क पुढे होती. मी सुसाट सुटले. वाऱ्याशी गप्पा वगैरे. दोनशे मीटर झाले, मी मनातल्या मनात फोटोला पोजही दिली. चारशेला घशात काटे आले. सहाशेला पोटात बाजूला अशी कळ आली की मी कमरेवर हात ठेवून थांबले. दुसऱ्या टीमचा मुलगा बाजूने निघून गेला, जाता जाता 'चला ताई, चला' असं म्हणाला, तेही अगदी आदराने. त्याने टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. पुलापाशी वळले ती चालतच. मग चार पावलं पळायचं, दहा पावलं चालायचं. शेवटचं वळण घेतलं आणि आंब्याखाली मला ती दिसली.

हात पुढे करून उभी होती.

तिने स्वेटर कधीच काढून ठेवला होता. मी आठ म्हटलं होतं ना, म्हणून सातव्या मिनिटाला ती स्वेटर काढून, दोन-तीन धावा मारून, अंग गरम करून रेषेवर आली होती. मी पोहोचले तेराव्या मिनिटाला. सहा मिनिटं ती त्या थंडीत पातळ टी-शर्टवर उभी होती. मी काही तरी सॉरी-बिरी म्हणणार, तोवर तिने "दे ताई" एवढंच म्हणून बांबू घेतला आणि सुटली. आम्ही हरलो, त्याचं कुणाला काही नव्हतं. पण परत आल्यावर तिने आपली वेळ वहीत लिहिली आणि वही मिटून टाकली. नेहमीपेक्षा जास्त आली होती. पाय आखडले होते, असं तिने दुसऱ्याच कुणाला तरी सांगितलं. मला काही बोलली नाही.

मी दिवसभर तोंड लपवून हिंडत होते. मला वाटत होतं, मी हळू पळाले म्हणून मला वाईट वाटतंय.

संध्याकाळी मामासोबत बांधीवर गेले. या भागातल्या शेतीची गंमत ही, की तलावाचं पाणी प्रत्येकाच्या शेतात वेगळ्या पाइपने येत नाही. वरच्या बांधीत भरतं, तिथून खालच्या बांधीत उतरतं, तिथून त्याच्या खालच्या. एकाने दिलं की दुसऱ्याला मिळतं. (इथले जुने तलाव 'मामा तलाव' म्हणून ओळखले जातात, म्हणजे माजी मालगुजारी. लहानपणी मला वाटायचं, सगळे माझ्या मामाचेच!) मी सकाळचा किस्सा सांगितला. मामा हसला नाही. म्हणाला, "पाह्य बेटा, वरच्यानं पानी कमी सोडलं त चालते. आपन तेवढ्यात भागवतो. नाही सोडत म्हनला, तरी चालते, आपन दुसरी सोय करतो. पन जो म्हनते 'उद्या सोडतो' आन सोडत नाही, त्याच्यापायी धान जाते."

बास. माझी ट्यूब पेटली.

रात्री छतावर जाऊन (रेंज तिथेच येते) मी रिलेबद्दल मिळेल ते वाचून काढलं. ऑलिम्पिकमधली 4 बाय 100 मीटरची रिले आठवा. बॅटन म्हणजे जेमतेम 28 ते 30 सेंटिमीटरची नळी आणि ती द्यायला 30 मीटरचा पट्टा. पण खरी गंमत घेणाऱ्याची आहे. तो मागे वळून बघत बसत नाही. ट्रॅकवर त्याने एक खूण केलेली असते. मागचा खेळाडू त्या खुणेवर आला, की हा पुढे तोंड करून जिवाच्या आकांताने पळत सुटतो आणि फक्त हात मागे करतो. ती खूण कशाच्या भरवशावर केलेली असते? मागचा किती वेगाने येतो, याच्या. तो वेग खोटा निघाला की संपलं. 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या पुरुषांच्या आणि महिलांच्या, दोन्ही टीमच्या हातून पहिल्याच फेरीत बॅटन पडली. आणि 2016 च्या रिओमध्ये जपानने 37.60 सेकंदांत रौप्यपदक नेलं. तेव्हा त्या चौघांपैकी एकानेही 100 मीटर 10 सेकंदांच्या आत पळून दाखवलेलं नव्हतं! प्रत्येक जण थोडा हळू, पण कोण किती हळू हे चौघांनाही पक्कं ठाऊक.

याच जपानमध्ये लांब पल्ल्याच्या रिलेचं वेड आहे. त्याला एकिदेन म्हणतात. पहिली झाली 1917 मध्ये, क्योटो ते टोकियो, सुमारे 500 किलोमीटर. 1920 पासूनची हाकोने एकिदेन तर दर नव्या वर्षाच्या 2 आणि 3 जानेवारीला असते. विद्यापीठांच्या टीम, प्रत्येकी दहा धावपटू. तिथे बॅटन नसते, खांद्यावरून तिरका घातलेला कापडी पट्टा असतो. आधीच्यांच्या घामाने भिजलेला तो पट्टा पुढच्याच्या अंगावर जातो. मागचा ठरलेल्या वेळेत पोहोचला नाही, तर पुढच्याला त्याची वाट न बघता दुसराच पट्टा घालून सोडून देतात. समोरून येणाऱ्याला काही मीटरवरून ते दिसतं. त्या क्षणी रस्त्यावर कोसळून रडणारी मुलं जपानी लोकांनी वर्षानुवर्षं टीव्हीवर पाहिली आहेत.

आणि हे सगळं आपल्याला नवीन आहे असं मुळीच नाही. नवरात्राच्या तोंडावर तुळजापूरहून ज्योत घेऊन गावाकडे धावत निघालेली मंडळाची पोरं तुम्ही पाहिली असतील. शिवजयंतीला शिवनेरीहून, रायगडाहून, पन्हाळ्याहून ज्योत आणतात. पुढे अनवाणी पळणारा, हातात ज्योत, मागे टेम्पोत बाकीचे. एक दमला की दुसरा उतरतो. ना टायमिंग, ना मेडल. कुणी दहा किलोमीटर पळतो, कुणी एकच. कमी पळाला म्हणून त्याला कोणी हसत नाही. फक्त तो दमला की हात वर करून सांगतो, कारण न सांगता थांबला तर ज्योत विझेल.

म्हणजे हळू असणं हा प्रॉब्लेमच नव्हता. हळू माणसाला सांभाळून घेता येतं, त्याच्याप्रमाणे प्लॅन करता येतो. 'आठ मिनिटांत येते' म्हणणाऱ्या माणसाचं मात्र काय करणार? मला वाईट वाटत होतं ते तेरा मिनिटांचं नाही, त्या आठचं.

दुसऱ्या दिवशी पोरांची रिले नव्हती. मी बहिणीला म्हटलं, "आपण दोघीच लावू. मी आधी, मग तू." तिने काही न बोलता बांबू आणला. मग तोच प्रश्न. "किती वेळात येशीन?"

मी म्हटलं, "तेरा मिनिटं."

ती हसली आणि म्हणाली, "मग मी दहाव्या मिनिटाले उठते."

या वेळी मी इतकी हळू सुटले की मलाच लाज वाटली. एक म्हातारेबाबा सायकल हातात धरून चालले होते, त्यांना ओलांडायलाच मला अर्धा मिनिट लागला. पण एक नियम पाळला, जो बहिणीनेच सांगितला होता. पळता पळता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. नाही आलं तर वेग कमी. मी बाबांना 'रामराम बाबा, धान कापून झालं का?' असं अख्खं विचारलं, त्यांनी उत्तरही दिलं. सहाशे मीटर आले आणि गेले. पुलावरून वळले तेव्हा पहिल्यांदाच मला आजूबाजूचं काही दिसलं. दूर बांधीत दोन सारस उभे होते. महाराष्ट्रात सारस बघायचा तर मुख्यतः याच जिल्ह्यात यावं लागतं, आणि आदल्या दिवशी मी त्याच रस्त्याने फक्त स्वतःचे शूज बघत आले होते.

शेवटचं वळण घेतलं. आंब्याखाली ती स्वेटरची बाही डोक्यातून ओढून काढत होती. मला बघून घाईघाईने रेषेवर आली. साडेबारा मिनिटं! एकदाही चालले नव्हते. बांबू हातात देताना ती ओरडली, "अरे, लवकर आलीस ना तू!"

मंडळी, आयुष्यात मला हे वाक्य पहिल्यांदा कोणी तरी म्हटलं.

पुण्याला परत आल्यावर पहिलं काम केलं. ती एक्सेल शीट उघडली आणि 30 खोडून 42 लिहिलं. पाठवताना बोट पाच मिनिटं बटणावर होतं. वाटलं, आता ग्रुपवर हसतील, नाही तर गोड बोलून काढून टाकतील. दहा मिनिटं ग्रुपवर शांतता. मग 28 मिनिटंवाल्याचा मेसेज आला, 'बरं झालं गं बोललीस. माझंही 34 कर.' पाठोपाठ 27 वाला 31 झाला. टीम लीडरने चौघांचा क्रम बदलला. सगळ्यात आधी मी, म्हणजे थंडीत माझी वाट बघत कोणी तासभर ताटकळायचं नाही, आणि सगळ्यांनी मोकळा श्वास घेतला. दीड महिना एकमेकांना घाबरून आम्ही चौघंही खोटे आकडे जपत बसलो होतो.

तुम्हीही पहिल्यांदा रिलेला नाव देणार असाल, तर माझ्या अल्प अनुभवातून चार गोष्टी. एक, रेसच्या आधी निदान आठ आठवडे हाताशी ठेवा आणि आठवड्यातून तीनच दिवस पळा. सुरुवातीला एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, मग हळूहळू पळणं वाढवायचं. दोन, पहिला किलोमीटर मुद्दाम हळू जाऊ द्या. बाजूने सगळे सुसाट जातील, जाऊ द्या. त्यातले निम्मे पुढे कमरेवर हात ठेवून भेटतात. तीन, तुमची पाळी यायच्या दहा मिनिटं आधी अंग गरम करा, पण स्वेटर शेवटच्या क्षणी काढा. रेसच्या दिवशी नवे शूज घालू नका. आणि चौथी, सगळ्यात महत्त्वाची. टीमला खरी वेळ सांगा. त्यासाठी आधी एकदा तरी घड्याळ लावून ते अंतर पळून बघा.

डिसेंबरमधल्या त्या रविवारी मी 41 मिनिटं आणि काही सेकंदांत 5 किलोमीटर संपवले. शेवटच्या वळणावर आमचा 34 वाला पट्टा घ्यायला हात पुढे करून उभा होता, आणि त्याचं जॅकेट अजून अंगावरच होतं. घाईत तो ते काढायचंच विसरला. आमची टीम निकालाच्या कागदावर खालून मोजलं तर लवकर सापडते. चौघंही मेडल घालून त्या दिवशी मिसळ खायला गेलो.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. तिची भरतीची तयारी अजून चालूच आहे. वहीतली वेळ पुन्हा खाली आली आहे, हे तिने आधी सांगितलं. मग विचारलं, "ताई, मधात चाललीस का?"

"नाही."

"मग दिवाळीत ये. तिसरा नंबर तुझाच ठेवते. किती वेळात येशीन?"

मी आठ म्हणणार होते. सवय हो, दुसरं काय! पण जीभ आवरली.

"साडेअकरा," मी म्हटलं. "आणि ट्रेन लेट झाली नाही तर."